चौघांचा कॅटान दोघांत कसा खेळायचा? (मेगाब्लॉकग्रस्तांसाठी धागा)

मेंढीवाला_मुलुंड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा चौघांचा ग्रुप होता. दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडे (मुलुंड पूर्व, वन बीएचके, डायनिंग टेबल फोल्डिंगचं) कॅटान मांडायचो, तीन वर्षं अगदी नेमाने. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: षटकोनी तुकड्यांचा बोर्डगेम. तुकड्यावरचा आकडा फाशांवर पडला की तिथला गहू, वीट, मेंढी वगैरेचं कार्ड मिळतं, त्यातून रस्ते, गावं, शहरं बांधायची, दहा गुण झाले की जिंकलात.) मग एकाची बदली बंगळुरूला झाली आणि दुसरा पनवेलला राहायला गेला, आणि पनवेलहून रविवारी मुलुंडला येणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको, आज हार्बरला मेगाब्लॉक, उद्या आमच्या सेंट्रलला, कधी दोन्हीकडे. तो बिचारा निघतो, वाशीपर्यंत येतो आणि फोन करतो की अरे परत चाललो.

राहिलो मी आणि बायको. बॉक्सवर ३-४ खेळाडू लिहिलंय, तरी म्हटलं दोघांनी खेळायला काय हरकत आहे, कोण बघतंय. दोनदा खेळलो. दोन्ही वेळा वीस-पंचवीस मिनिटांत गेम मेलेला. म्हणजे संपला नाही, नुसता मेला. तिची गावं एका कोपऱ्यात, माझी दुसऱ्या, मधे सगळं रान मोकळं, कोणी कोणाला आडवं येत नाही. सौदा तर बंदच झाला. चौघं असताना मी तिला वीट द्यायचो कारण आम्ही दोघं मिळून पनवेलवाल्याच्या पुढे जायचो, आता तिला वीट दिली की ती माझ्याच पुढे जाणार, मग मी कशाला देऊ? आणि रॉबर, म्हणजे ज्या तुकड्यावर बसेल तिथलं पीक बंद करणारा डाकू! सात आला की रॉबर कोणाच्या उरावर बसवायचा हा प्रश्नच नाही, समोर एकच जण आहे. मागच्या रविवारी माझ्या आठच्या गव्हावर तो इतका वेळ बसला की मी पंखा फुल करून पत्ते उडतायत का बघत बसलो होतो.

तर कोणी काही जुगाड केलाय का? दहा ऐवजी बारा गुण केले तर? का सरळ बॉक्स माळ्यावर टाकू?

---

साबुदाणावडा

माळ्यावर टाकू नका, मला द्या. (हलके घ्या.)

गल्ली क्रिकेटमध्ये माणसं विषम असली की काय करायचो आपण? एक कॉमन ठेवायचा, दोन्हीकडून बॅटिंग. आणि कोणाचा धाकटा भाऊ रडत आला की त्याला कच्चा लिंबू. तुम्हाला कॉमन हवाय नाहीतर कच्चा लिंबू हवाय, एवढंच.

---

पुण्याचापाहुणा

कच्चा लिंबू काय, दूधभात म्हणा.

---

साबुदाणावडा

झालं सुरू. मुंबईचा धागा आहे, इथे लिंबूच.

---

शेवटची_लोकल

वरचा विनोद सोडा पण मुद्दा बरोबर आहे, आणि कॅटानवाल्यांनी स्वतः नेमकं हेच केलंय. ट्रेडर्स अँड बार्बेरियन्स नावाचं एक्सपान्शन आहे त्यात दोघांसाठीचे ऑफिशियल रूल आहेत. उरलेले दोन रंग कोणाचेच नाहीत असे बोर्डवर असतात. तुम्ही स्वतःसाठी रोड बांधलात की एका बेवारस रंगाचाही रोड बांधायचा, सेटलमेंट (म्हणजे गाव) बांधलीत की त्याचीही सेटलमेंट. म्हणजे बोर्डवर गर्दी आपोआप होते.

दुसरं म्हणजे आपल्या टर्नला फासे दोनदा टाकायचे, आणि दुसऱ्यांदा तोच आकडा आला तर परत टाकायचा, वेगळा येईपर्यंत.

तिसरं म्हणजे चकत्या मिळतात, सुरुवातीला पाच-पाच. त्या देऊन समोरच्याच्या हातातली कुठलीही दोन कार्डं न बघता ओढायची आणि आपल्या पसंतीची दोन परत द्यायची, किंवा रॉबरला उचलून वाळवंटात पाठवायचा. तुम्ही पुढे असाल तर हे करायला दोन चकत्या लागतात, बरोबरीत किंवा मागे असाल तर एक. एक्सपान्शन विकत घ्यायची गरज नाही, कॅरमच्या सोंगट्या चालतात.

---

मेंढीवाला_मुलुंड

वा, हे माहीतच नव्हतं. पण फासे दोनदा का? लवकर संपावं म्हणून?

---

गणितमास्तर

नाही हो. चौघं असतात तेव्हा तुमच्या एका टर्नपासून दुसऱ्या टर्नपर्यंत फासे चारदा पडतात. प्रत्येक वेळी तुम्हाला काहीतरी मिळायची शक्यता असते, टर्न दुसऱ्याचा का असेना. दोघांत ते दोनदाच पडतात. म्हणजे तुमची आवक निम्मी झाली आणि खर्च तेवढाच राहिला, शहर बांधायला अजूनही तीन दगड दोन गहू लागतातच. तुमचा गेम मेला म्हणताय त्याचं अर्धं कारण इथे आहे. दोनदा टाकले की परत चार झाले, हिशेब जुळला.

आणि म्हणूनच दहाचे बारा गुण करू नका. आधीच उपाशी माणसाला अजून दोन किलोमीटर चालायला लावल्यासारखं होईल.

---

तिकीटघर

गुणांना हात लावायचा नाही याला +१. चांगले गेमवाले माणसं कमी झाली की बोर्ड आवळतात. तिकीट टू राइडमध्ये दोन शहरांमध्ये जिथे दुहेरी रूळ आहेत तिथे दोघं किंवा तिघं खेळत असाल तर त्यातला एकच वापरता येतो, एकाने घेतला की दुसरा बंद. चौघं-पाच जण असले की दोन्ही खुले. बाकी सगळं तेच, डबे पंचेचाळीसच. पॉवर ग्रिडमध्ये तर जितकी माणसं कमी तितके नकाशातले प्रांतच कमी घ्यायचे. आपण मुंबईकरांनी हे समजायला हवं, आठ पंचवीसची डोंबिवली लोकल आणि दुपारची डोंबिवली लोकल, गाडी तीच असते पण खेळ वेगळा असतो.

---

प्यादं

अवांतर आहे पण राहवत नाही. हा प्रॉब्लेम आपल्याकडे हजार वर्षं जुना आहे. अल् बिरूनी १०३० च्या सुमाराला भारताबद्दल लिहिताना चौघांनी खेळायच्या, फाशांवर चालणाऱ्या बुद्धिबळाचं वर्णन करतो. चार कोपऱ्यांत चार फौजा. एके काळी काही अभ्यासकांचं म्हणणं होतं की चौघांचा खेळ आधीचा आणि त्यातूनच दोघांचं बुद्धिबळ निघालं, म्हणजे दोघं उठून गेले म्हणून दोन-दोन फौजा एकाने घेतल्या अशी काहीतरी कल्पना. फार छान गोष्ट आहे पण मरे या अभ्यासकाने १९१३ मध्ये आपल्या बुद्धिबळाच्या इतिहासाच्या पुस्तकात ती खोडून काढली, दोघांचा खेळच आधीचा.

आणि पत्त्यात तर आपण हे रोज करतो. चौघं असले तर मेंढीकोट. चौथा नाही आला तर पाच-तीन-दोन, त्यासाठी आठच्या खालची पानं काढून टाकायची, फक्त बदाम आणि इस्पिकच्या सत्त्या ठेवायच्या, तीस पानं, तिघांना दहा-दहा. कोणी म्हणतं का की बावन्न पानांत तिघंच बसू आणि बघू काय होतंय?

---

मेंढीवाला_मुलुंड

प्यादं, हे पाच-तीन-दोनचं डोक्यात बसलं. पानं काढून टाकायची. यावर काहीतरी करून बघतो.

---

खरेदीखत

एवढा उपद्व्याप कशाला? दोघांसाठी बनवलेले गेम ढिगाने मिळतात. सेव्हन वंडर्सचा ड्युएल आहे २०१५ चा, खास दोघांचा. कॅटानचाच दोघांचा पत्त्यांचा गेम आहे, रायव्हल्स. तो घ्या, सुखी राहा.

---

मेंढीवाला_मुलुंड

खरेदीखत, तुमचं चूक नाहीये. पण घरात कपाटाचा एकच कप्पा बोर्डगेमला मंजूर झालेला आहे आणि तो भरलाय. शिवाय बायकोला हाच बोर्ड हवाय, षटकोनी तुकडे मांडण्यातच तिचा अर्धा आनंद.

---

शेवटची_लोकल

एक इशारा देऊन ठेवतो. सगळेच गेम असे आवळता येत नाहीत. आम्ही कॉलेजात डिप्लोमसी खेळायचो, सात देश, ३४ पुरवठा केंद्रं, १८ मिळाली की जिंकलात. त्याच्या रूलबुकात कमी माणसांची सोय आहे, पाच असाल तर इटली आणि जर्मनी कोणीच खेळायचे नाहीत, त्यांच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहतात. खेळलो. आणि एकदा तर तिघांत देश वाटून घेऊन खेळलो. नुसती माती. त्या गेमचा जीवच जिन्यात जाऊन कुजबुजण्यात आहे आणि तिघंच असाल तर दोघं जिन्यात गेले की तिसऱ्याला लगेच कळतं की आपल्याबद्दलच चाललंय. आमचा तिसरा तिथेच सोफ्यावर झोपला होता. तेव्हा कॅटानमध्येही सौदा हाच जीव असेल तुमच्यासाठी तर बेवारस रंग आणून फार काही होणार नाही.

---

मेंढीवाला_मुलुंड

दोन रविवारांचा रिपोर्ट. लांबड आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्या रविवारी ऑफिशियल रूलने खेळलो. पांढरा आणि केशरी हे बेवारस. बायकोने लगेच त्यांना "शेजारी" म्हणायला सुरुवात केली. गर्दी झाली हे खरं, आणि मजाही आली, कारण ती माझ्या रस्त्यात पांढऱ्याचा रोड असा आणून टाकायची की चाळीत कोणी जिन्यात सायकल लावून ठेवावी तसं, काढताही येत नाही आणि कोणाला बोलताही येत नाही. चकत्याही मस्त चालल्या. पण दर टर्नला दोनदा फासे, दर बांधकामाला शेजाऱ्याचं बांधकाम, कुठला शेजारी कुठे न्यायचा याचा विचार, मला स्वतःचं घर सोडून सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यासारखं वाटलं. साडेदहाला सुरू केलं, साडेबारा वाजले, दुसऱ्या दिवशी ऑफिस.

मग दुसऱ्या रविवारी पाच-तीन-दोनचा प्रयोग केला. कॅटानचा बोर्ड ३-४-५-४-३ अशा पाच ओळींचा असतो, १९ हेक्स (षटकोनी तुकडे). वरची तीनची आणि खालची तीनची ओळ काढूनच टाकली. उरला ४-५-४, म्हणजे १३. काढताना लाकूड, गहू, वीट, दगड एकेक आणि मेंढ्या दोन काढल्या (मेंढ्या काढताना मन भरून आलं, आयडी बघा माझा). उरलं लाकूड ३, गहू ३, मेंढी २, वीट २, दगड २ आणि वाळवंट. आकड्यांच्या चकत्या १८ असतात, मला १२ हव्या होत्या, म्हणून २ आणि १२ काढले आणि ३, ४, १०, ११ यांच्या दोन-दोन मधली एकेक काढली. निळी चौकट बसत नाही, सरळ टेबलावर मांडलं.

शेजारी नाहीत, फासे एकदाच. बाकी सगळे नेहमीचे नियम. आणि काय सांगू, फरक जाणवला. सातव्या-आठव्या टर्नलाच आम्ही एकमेकांच्या अंगावर आलो. पण सुरुवात अजूनही सैल वाटत होती, तर बायको म्हणाली की सुरुवातीला दोन ऐवजी तीन-तीन सेटलमेंट ठेवू. मी म्हटलं असं कसं, नियम आहे. ती म्हणाली सहा हेक्स काढताना नियम कुठे होता? दुसरा डाव तीन-तीनने खेळलो. अप्रतिम. साधारण एक तास.

सौदा मात्र अजून मेलेलाच आहे.

---

गणितमास्तर

धागाकर्ते, तुमच्या नकळत तुम्ही फार नीट काम केलंय, कागदावर मांडून बघितलं.

फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी ६ आणि ८ पाच-पाच वेळा येतात, ५ आणि ९ चार-चार, ४ आणि १० तीन-तीन, ३ आणि ११ दोन-दोन, २ आणि १२ एकेकदाच. चकत्यांवर आकड्याखाली जे ठिपके असतात ते हेच. पूर्ण बोर्डवर १८ चकत्यांचे मिळून ५८ ठिपके, सरासरी ३.२. तुमच्या १२ चकत्यांचे ४६, सरासरी ३.८. म्हणजे तुम्ही जमीन कमी केलीत पण उरलेली जास्त सुपीक ठेवलीत. त्यात तिसरी सेटलमेंट पहिल्यापासून पिकतेय. फासे दोनदा न टाकताही आवक बरीचशी भरून निघते ती यामुळे.

आणि वहिनींचा तिसरी सेटलमेंटचा अंदाज तर कमाल आहे. पूर्ण बोर्डवर घर बांधायचे कोपरे ५४, चौघांची सुरुवातीची घरं आठ. तुमच्या बोर्डवर कोपरे ४०, घरं सहा. भागाकार करून बघा, दोन्हीकडे शेकडा पंधरा. गर्दी जशीच्या तशी.

सल्ला एकच, तीन घरं म्हणजे तीन गुण हातात घेऊनच सुरुवात, म्हणून ११ ला संपवा. (गुणांना हात लावू नका म्हणालो होतो ते मागे घेत नाही, हा एक गुण दिलेलाच परत घेतोय.) आणि २ किंवा १२ पडले तर परत टाका, नाहीतर तो टर्न फुकट जातो.

---

साबुदाणावडा

मास्तर पेपर तपासतायत असं वाटलं.

---

भाजीमार्केट_दादर

सौद्यासाठी आमच्या घरी एक प्रकार आहे, दुसऱ्या एका गेमसाठी केला होता पण इथे चालेल. टेबलावर चार कार्डं उघडी ठेवायची, ओळीने. हा बाजार. आपल्या टर्नला एकाच प्रकारची दोन कार्डं बाजारात ठेवायची आणि बाजारातलं एक उचलायचं. ओळीत पाच झाली की सगळ्यात जुनं कार्ड बँकेत परत. संपलं.

याची गंमत अशी की तुम्ही टाकलेल्या दोन मेंढ्या समोरच्याच्या टर्नला तिथे पडलेल्या असतात. म्हणजे तुम्ही काय टाकता ते बघून टाकायला लागतं. तोंडाने सौदा होत नाही पण मनातल्या मनात होतो. दादरला आम्ही असंच करतो, भाजीवालीला भाव विचारायचा नाही, नुसतं जुडी उचलून परत ठेवायची.

---

तिकीटघर

पण मग दोनास एकचे पोर्ट (काठावरची बंदरं, दोन कार्डं देऊन एक घ्यायची सोय) कशाला बांधायचे? बाजारात सगळंच दोनास एक मिळतंय.

---

भाजीमार्केट_दादर

हो की. हे आमच्या गेममध्ये नव्हतं. मग बाजार टर्नला एकदाच?

---

मेंढीवाला_मुलुंड

काल रात्री बाजारासकट दोन डाव. रविवारची वाटही बघवली नाही.

तिकीटघरांची शंका खरी निघाली, पहिल्या डावात पोर्टकडे कोणी फिरकलंच नाही. दुसऱ्यात बाजार टर्नला एकदाच ठेवला आणि तीनास एकवाले चारही पोर्ट काढले, फक्त दोनास एकवाले पाच ठेवले. या बोर्डच्या काठाला २६ बाजू आहेत, दर पाचव्या बाजूला एक असे बरोबर बसतात. पोर्टवाल्याला हवं ते, हवं तितक्यांदा मिळतं, बाजारात जे पडलंय तेवढंच, मग पोर्टला परत किंमत आली.

रॉबरसाठी एक छोटा नियम घेतला, समोरच्याचे चार गुण होईपर्यंत त्याच्या हेक्सवर बसवायचा नाही. याने सुरुवातीची रडारड गेली. नंतर मात्र आठच्या गव्हावर परत बसलाच. त्याला इलाज नाही.

बाजारामुळे एक फार विचित्र गोष्ट झाली. मला एक वीट हवी होती आणि बाजारात वीट होती, सगळ्यात जुनी. माझा टर्न येईपर्यंत बायकोने दोन मेंढ्या टाकल्या, भलतंच लाकूड उचललं जे तिला नकोच होतं, आणि वीट गेली बँकेत. नुसती ती वीट घालवायला तिने दोन मेंढ्या जाळल्या! चौघं असताना पनवेलवाला असं करायचा. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा घरात कॅटानवरून भांडण झालं.

---

शेवटची_लोकल

माझा इशारा मागे. भांडण झालं म्हणजे गेम जिवंत आहे.

---

वीटभट्टी_मुलुंड

नवीन आयडी काढलाय. मीच ती वीट घालवणारी. काही दुरुस्त्या.

एक, धागाकर्त्यांनी निकाल कुठेच लिहिलेला नाही हे कोणाच्या लक्षात आलं का? तेरा हेक्सवर सहा डाव झालेत (दोन त्यांनी लिहिलेच नाहीत), त्यातले चार मी जिंकले.

दोन, लाकूड मला हवं होतं. पुढच्या टर्नला सगळ्यात लांब रस्ता माझा झाला, दोन गुण. ते सोयीस्कर विसरलेत.

तीन, कोणी हे खेळणार असाल तर बाजारात गहू टाकू नका. तेरा हेक्सवर शहरं लवकर बांधायला लागतात कारण नवीन घराला जागाच उरत नाही, म्हणून शेवटी सगळे गहू आणि दगडावरच येतात. आणि डेव्हलपमेंट कार्डं जास्त घ्या. पंचवीसातली चौदा सोल्जर असतात, दोघंच असल्यामुळे मोठ्या फौजेचे (जास्त सोल्जर खेळणाऱ्याला मिळणारे) दोन गुण पटकन होतात आणि समोरचा मेंढ्या मोजत बसलेला असतो.

---

साबुदाणावडा

वहिनींना +१००. धागाकर्ते कुठे गायब?

---

मेंढीवाला_मुलुंड

मेंढ्या मोजतोय.

---

पनवेलची_गाडी

अरे मला न विचारता माझी बदनामी चालू आहे इथे. मी कधी कोणाची वीट घालवली? बरं ते जाऊ दे, या रविवारी आमच्याकडे ब्लॉक नाहीये, येतोय. तिघांत नेहमीचा पूर्ण बोर्ड लावू. ते सहा हेक्स आणि चकत्या आहेत ना जागेवर?

---

मेंढीवाला_मुलुंड

बॉक्समध्ये नाहीयेत. बघतो.

---

वीटभट्टी_मुलुंड

साबुदाण्याच्या रिकाम्या डब्यात, वरच्या फळीवर. चौकटही तिथेच मागे उभी करून ठेवलीय.